सोडियमची बॅटरी आणि दुपारचं जेवण

किस्से काही कोणी गोळा करत नाही, ते आपोआप साचतात. आमच्या सिलतऱ्याच्या बॅटरीच्या शेडमधले सांगितले की लोक म्हणतात, "बनवून सांगून राहिली ही!" आता लिथियम महाग, म्हणून आमच्या डोंगरे साहेबांनी ई-रिक्षासाठी सोडियमची बॅटरी काढली. मी टेस्टिंगले. अभनपुरच्या शेठच्या भाड्याच्या रिक्षांची ऑर्डर मिळाली तर शेड चालणार, नाही तर आम्ही सारे घरी!

*

पहिला पॅक तयार झाला. लिथियमचा एकटा माणूस उचले, याले दोघं लागले. साहेब खुश, "कसा दणकट माल आहे!" आमचे जुने फिटर लांजेवार काका कंबर धरून म्हणाले, "हव साहेब. रिक्षात पॅक तर बसला. आता सवारी कुठं बसवू?"

*

लिथियमचा पॅक पार शून्यावर उतरला की मेलाच समजा. सोडियमचा शून्यावर ठेवला तरी काही होत नाही, म्हणून मी रात्री सारे शून्यावर उतरवून ठेवले, पण हे काकांले सांगायचं राहूनच गेलं. त्यांनी सकाळी मीटर लावलं, सारे पॅक शून्य! एका पोराले हाताशी घेऊन भंगारात टाकले, वरून हातही जोडले. मी धावत जाऊन चार्जिंगले लावले, तर सारे ठणठणीत. काका म्हणाले, "पोरी, मी तर तेरवीचा विचार करून राहिलो होतो!"

*

मग शेठ आला पाहायले.

"एक बार चार्ज में कितना चलती है?"

साहेब म्हणाले, "चार्ज फार लवकर होते!"

"चलती कितना है?"

"आग लागायची भीती नाही, शेठजी!"

"अरे, पर चलती कितना है?"

"चहा घेणार?"

*

तरी शेठने एक पॅक ट्रायलले नेला, त्याची रिक्षा चालवणाऱ्या चुन्नी भैयाच्या रिक्षात लावला. महिनाभरानं फोन, "डोंगरेजी, दोपहर तक बैठ जाती है. आके उतार लो." साहेबांचं तोंड एवढंसं झालं. मले तर रडूच आलं.

पॅक उतरवाले पाने-पक्कड घेऊन शेठच्या घरी गेलो. अंगणात शेठची नवी इलेक्ट्रिक कार, बाजूले रिक्षा, अन् रिक्षात चुन्नी भैयाची बायको ठाण मांडून!

"कोई हाथ मत लगाना! पहले ये रात को ही दिखते थे. अब दोपहर में चार्जिंग के लिए घर आते हैं, साथ बैठके खाना खाते हैं."

शेठ वैतागला, "अरे, धंधा ऐसे चलता है क्या?"

तेवढ्यात आतून शेठाणीचा आवाज आला, "डोंगरे भैया, ये वाली कार में भी लगती है क्या?"