साडूभाऊ आणि बायकोची पेन्शन

म्हातारपणावर इतकं मनापासून प्रेम करणारा माणूस माझ्या साडूंखेरीज मी दुसरा पाहिलेला नाही. वय जेमतेम बेचाळीस, केस काळेभोर, राहायला उइटहॉर्न नावाच्या डच गावात, नोकरी पुलांची डिझाइनं तपासण्याची. पण मन कायम निवृत्तीत रमलेलं. लोक पुढच्या सुट्टीत कुठे जायचं याची स्वप्नं बघतात, हे सदुसष्टाव्या वर्षी सकाळी किती वाजता फिरायला निघायचं ते ठरवून बसलेत. करखात्याचं निळं पाकीट आलं की तुम्हीआम्ही ते दोन दिवस उघडतच नाही. साडूभाऊ ते आधी टेबलावर ठेवतात, आंघोळ करून येतात आणि मग सुरीने अलगद उघडतात. आतला मजकूर वाचताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरतं, ते त्यांच्या लग्नाच्या अल्बममध्येही कुठे सापडत नाही.

मार्च-एप्रिलात, रिटर्न भरायच्या दिवसांत, डीमनपासून ब्रेडापर्यंतच्या मराठी घरांमध्ये त्यांना जावयाचा मान असतो. फी म्हणून दोन थालीपिठं आणि वर लोण्याचा गोळा. एकदा ब्रेडाला एका नव्या जोडप्याकडे गेले. आठच दिवसांपूर्वी पुण्याहून आलेल्या नवरीने दार उघडलं, तर यांनी नाव-गाव न विचारता थेट प्रश्न टाकला, "गेल्या वर्षी तुमची मिळकत किती?" ती बिचारी आत पळाली आणि नवऱ्याला म्हणाली, "अरे, इथले पोलीस मराठी बोलतात!" गणपतीत मंत्रपुष्पांजली संपते न संपते तोच हे शेजारच्याच्या कानाशी लागतात, "पेन्शनमध्ये यंदा किती भरता येईल ते काढलंत का?" माणसं प्रसाद न घेता पळतात. पळणाऱ्यांत मी सगळ्यात पुढे असायचो.

कारण मी हुशार. आयुष्यात भिंतीत एक खिळा सरळ न ठोकता सॉफ्टवेअर कंपनीत 'आर्किटेक्ट' म्हणवून घेणारा माणूस हुशारच असणार. माझी बायको पुण्यातली बँकेतली नोकरी सोडून माझ्यामागे इथे आली होती. एक दिवस कपड्यांच्या घड्या करताकरता ती म्हणाली, "तुझ्या म्हातारपणाची सोय तुझी कंपनी करतेय. माझ्या नावावर काय आहे?"

"माझं ते तुझंच की!"

"ते माहितीये रे. पण माझ्या नावावर?"

यावर विचार करायला मला दोन मिनिटंही लागली नाहीत. पुण्यात असताना मी तिच्या पीपीएफमध्ये पैसे भरायचो आणि करसवलत माझ्या रिटर्नमध्ये घ्यायचो. तेच इथे करायचं! मे महिन्यात इथल्या कंपन्या देतात तो सुट्टीचा भत्ता हातात पडला, तो सगळाच्या सगळा मी तिच्या नावाने एका पेन्शन खात्यात भरायचं ठरवलं आणि शेखी मिरवायला साडूभाऊंना फोन लावला. ते घाईघाईने म्हणाले, "थांबा, थांबा. आधी तिची मर्यादा काढू. मिळकत नसली तर..." मी म्हटलं, "हॅलो? रेंज जातेय," आणि फोन ठेवला. इतक्या सपाट देशात, घरच्या सोफ्यावर बसलेल्या माणसाची रेंज जायचं काही कारण नव्हतं.

पुढच्या वर्षी रिटर्न भरायला बसलो, तर सवलतीच्या रकान्यात शून्य. पुन्हा भरलं, पुन्हा शून्य. माझी खात्री पटली की करखात्याच्या सॉफ्टवेअरमध्ये बग आहे. मी हेल्पलाइनला फोन करून तो कुठे असेल आणि कसा काढावा, हे वीस मिनिटं समजावून सांगितलं. पलीकडच्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पैसे भरलेत त्याच्या आधीच्या वर्षी तुमच्या पत्नीची मिळकत किती होती?"

"काहीच नाही."

"मग सवलतही काहीच नाही."

म्हणजे कमाई कमी तर मर्यादा कमी, कमाई नाही तर मर्यादाच नाही. आणि भरलेले पैसे तिच्या म्हातारपणापर्यंत कुलपात. ते भरले त्या वर्षी आमची सुट्टी आम्ही घराच्या बाल्कनीत घालवली होती, ती याचसाठी. हे सगळं सांगितल्यावर बायको चिडेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "बरोबरच आहे. काही कमावत नाही, त्याला सवलत कशाची द्यायची?" आणि कुकर लावायला उठली. ती चिडली असती तर बरं झालं असतं.

मग मी नाक मुठीत धरून साडूभाऊंना फोन केला. रविवारी ते उइटहॉर्नहून सायकल मारत, समोरचा वारा खात, घामाने निथळत आमच्या दारात उभे. मी बोलणी खायच्या तयारीने बसलो होतो, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बायकोसमोर खुर्ची ओढून बसले.

"हे ऐक. यांनी भरली ती पेन्शन वेगळी. सरकारी पेन्शनला मिळकत लागत नाही. इथे राहिलं की वर्षाला पूर्ण पेन्शनचे दोन टक्के जमतात. तुझे, तुझ्या नावाने. नवऱ्याचा काही संबंध नाही."

"पण जिजाजी, मी इथे केलं काय? सात वर्षं नुसती घरी तर होते."

"होतीस ना? मग झालं. तेवढंच विचारतात ते."

आजवर किती जमलंय ते सरकारला विचारणारा अर्ज त्यांनी तिला स्वतःच्या हाताने भरायला लावला. मी मदतीला पुढे सरकलो, तर म्हणाले, "तुम्ही चहा टाका."

काही आठवड्यांनी पत्र आलं, तिच्या नावाचं. आम्ही या देशात उतरलो त्या आठवड्यापासूनची सात वर्षं, चौदा टक्के. रक्कम म्हणाल तर म्हातारपणी महिन्याची भाजी निघेल एवढीच. पण ती पत्रातल्या त्या पहिल्या तारखेवर बोट ठेवून बराच वेळ बसून राहिली. ही सात वर्षं मी लोकांना बिनदिक्कत सांगत आलो होतो, 'ही काही करत नाही, घरीच असते.' ती वर्षं कुणीतरी मोजत होतं, आणि तो मी नव्हतो. मला मनापासून लाज वाटली.

तिने साडूभाऊंना फोन लावला. "जिजाजी, चौदा," एवढंच म्हणाली. ते पलीकडून काय म्हणाले मला ऐकू आलं नाही, पण ती डोळे पुसत हसत होती. घरातली सगळी कागदपत्रं माझ्या नावाच्या फाइलमध्ये असतात, म्हणून सवयीने मी हात पुढे केला. तिने पत्र दिलं नाही. ड्रॉवरमधून एक कोरी फाइल काढली आणि तिच्यावर स्वतःचं नाव लिहिलं.