तुरीच्या पोत्यात मोबाइल

नातीचा मोबाइल मी तुरीच्या पोत्यात लपवला, हे आधीच कबूल करते, म्हणजे पुढं कुणी मला शहाणी समजायला नको. तेव्हा मी चौसष्टची होते. वय कोवळं, अक्कल त्याहून कोवळी. वस्तू लपवायची तर धान्यात, ही सासूकडून आलेली विद्या. तिच्यापासूनच मी माझा तंबाखूचा डबा गव्हात लपवायची आणि तिला तो बरोबर सापडायचा, एवढं त्या विद्येचं मोल.

नातीची दहावी झाली होती. डिप्लोमाला नंबर लागला होता आणि ती जागा त्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत पक्की करायची होती. ओटीपी तिच्याच मोबाइलवर येणार. वेळ गेली की जागा दुसऱ्याला. हे तिनं मला दोनदा सांगितलं होतं, मी दोनदा हूं म्हटलं होतं.

सकाळी प्रवेशाची साइट उघडेना. तोवर पोरगी ओट्यावर बसून गेम खेळत होती. एक इवलासा माणूस गोदामात पेट्या ढकलतो. पेटी ओढता येत नाही, ढकलताच येते, आणि कोपऱ्यात गेली की डाव खलास. नात हरायची, पुन्हा पहिल्यापासून मांडायची. चिडणं नाही, आदळआपट नाही. एकाच डावाला तीन दिवस चिकटून बसली होती. मला त्यात फक्त रिकामपण दिसलं.

"पेट्याच ढकलाच्या हायेत त बाजारात हमाली कर," मी म्हटलं. "दोन पैसे तरी भेटतीन."

"आजी, यानं डोकं शांत राह्यते."

"मंग माहं काहून तापते?"

ती आंघोळीला गेली तशी मी मोबाइल उचलला, दाराजवळच्या तोंड उघड्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून खाली दाबला आणि शेजारी पापड लाटायला निघून गेले. एक दिवस उपास घडू दे म्हटलं मोबाइलचा.

दुपारी परत आले तर दारात पोतं नाही. एकही नाही. भाव चढला म्हणून माझ्या लेकानं पोती शिवून, पिकअपमध्ये टाकून शेलूबाजारला नेली होती. आणि नात घरभर उशा उलट्या करत होती. मोबाइलचा आवाज बंद, म्हणून रिंग देऊनही उपयोग नव्हता.

"आजी, माहा मोबाइल पाह्यला का?"

मी काय करावं? मी पण तिच्याबरोबर उशा उलट्या करू लागले. पाव तास. तो पाव तास मला अजून टोचतो. शेवटी ती चुलीतली राखसुद्धा उकरू लागली आणि माझ्या तोंडून खरं निघून गेलं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. दीड वाजला होता. माझा बटणांचा फोन घेऊन तिनं बापाला लावला. "बाबा, पोते कोनाले उघडू देऊ नका, माहा मोबाइल हाये त्यात. आमी येऊन राह्यलो." मग आम्ही रस्त्यावर जीपची वाट पाहत उभ्या राहिलो. जीप आली ती भरेपर्यंत हलेना. मी देवाचं नाव घेत होते, ती एकेक प्रश्न विचारत होती. पोतं नेमकं कुठं उभं होतं? दाराला लागून? मग ते गाडीत पहिलं चढलं असणार, म्हणजे सगळ्यात शेवटी उतरलं असणार.

"म्हंजे आपल्या थप्पीत सगळ्यात वर असन," ती म्हणाली.

अडत्याच्या गोदामात पोचलो तेव्हा साडेतीन होत होते. आमची अठरा पोती मागच्या भिंतीला, आणि त्यांच्यासमोर दुसऱ्या कुणाच्या सोयाबीनची थप्पी थेट पत्र्याला टेकलेली. बाहेर पाऊस, त्यामुळं अडत्या माल बाहेर काढू देईना. आत मोकळी जागा म्हणजे वजनकाट्याजवळची, चार पोती मावतील एवढी.

मला दम कुठला! "ते पोतं इकडं टाका, हे तिकडं," मी हमालांवर सुटले. त्यांनी बिचाऱ्यांनी ऐकलं. सहा पोती इकडची तिकडं झाली आणि मधली वाटच बुजली. आता ना पुढं जाता येई, ना मागं. लेक माझ्याकडं बघेना. चार वाजून गेले.

नात मातीत उकिडवी बसली. बोटानं चौकोन काढले, पुसले, पुन्हा काढले.

"पोरी, बावीस वर्सं हमालीत गेली माही," म्हातारा हमाल म्हणाला. "सारं खाली कराच लागते. दोन तास."

"काका, दोन मिनटं थांबा ना."

तिनं मातीतला एक चौकोन पुसून दुसरीकडं काढला. मग ती उठली. आधी मी टाकायला लावलेली दोन पोती तिनं हमालांकडून काट्याजवळ नेववली. मग डावीकडची तीन एकावर एक. मग मधलं एक आडवं. प्रत्येक पोत्याआधी ती थांबून बघे आणि मला आतून ओरडावंसं वाटे. मी पदर तोंडात कोंबून उभी राहिले. अकराव्या पोत्याला माणूस जाईल एवढी फट पडली. म्हातारा हमाल वर चढला, पोतं खाली आलं, सुतळी कापली.

तुरीच्या धुळीनं माखलेला मोबाइल निघाला. चार अडतीस. बॅटरी सहा टक्के. साइट उघडली, फिरत राहिली, फिरत राहिली. ओटीपी आला. तिनं आकडे दाबले. आम्ही सगळे, हमालसुद्धा, त्या एवढ्याशा काचेवर वाकलो होतो. जागा पक्की झाली आणि दोन मिनिटांनी मोबाइल विझला.

 परतीच्या जीपमध्ये ती माझ्या पदरात अडकलेले तुरीचे दाणे काढून खिडकीबाहेर टाकत राहिली. मीच शेवटी म्हटलं, "बोल न वं. शिव्या दे, पन बोल."

"आजी, त्या गेममंदी मी तीन दिवस हारली तवा मले एकच गोष्ट समजली. आंधी पाहा लागते, मंग ढकला लागते. तू आंधी ढकलतं, अन् मंग पापड लाटाले जातं."