कॅरी ऑन म्हणणारा साहेब

बहात्तरच्या दुष्काळात केंदूरच्या रस्त्यावर आम्ही खडी फोडायचो. तिथल्या देखरेखीच्या साहेबाचं नाव मला माहीत नाही, आणि माहीत करून घ्यावं असा तो नव्हताच. छत्रीखाली उभा राहून रुमालानं बुटांवरची धूळ झटकायचा. इंग्रजीतले दोनच शब्द त्याला येत असावेत. मुकादमानं काहीही विचारलं, की "कॅरी ऑन." कुणाच्या बोटावर हातोडा बसून रक्त आलं, तरी "कॅरी ऑन."

एकदा माझी आई त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"साहेब, बाकीच्यांच्या हातात पाण्याचा तांब्या देत्यात, आन् आम्हा बौद्धांच्या ओंजळीत वरनं ओतत्यात. खडी तर सगळी सारखीच फोडतो न्हवं?"

त्यानं रांजणाकडं पाहिलं, पाणी देणाऱ्याकडं पाहिलं, छत्री दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि जाता जाता म्हणाला, "कॅरी ऑन."

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला. आईनं मला विचारलं, "काय म्हणला रं?"

"जे चाललंय ते तसंच चालू ठेवा, म्हणाला."

आईनं हातोडा उचलला.

"मग त्याला इंग्रजी कशाला लागती? हे तर गाव आपल्याला रोज मराठीतच सांगतंय."