नकाशात न काढलेले दगड

पुण्याची एसटी सुटताना वडील खिडकीशी उभे होते. "नावाला बट्टा लागेल असं काही करू नकोस," एवढंच म्हणाले. त्यांना कुठं माहीत, मी ते करूनच निघालो होतो.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. सोलापुरात मी एका खासगी सर्व्हेअरकडे ड्राफ्ट्समन होतो. जुना बाजार आणि तळ्याचा काठ सुधारायची योजना आली, नकाशा माझ्याकडे आला. काठावर परटांचे धुण्याचे दगड होते. त्यातला एक आमचे कपडे धुणाऱ्या गंगूमावशीचा. लहानपणी मला टायफॉइड झाला आणि आई बाळंतपणाला माहेरी होती, तेव्हा हिनंच मला पेज भरवली होती. साहेब म्हणाले, "हे कच्चं. दाखवू नकोस. इथं बाग येणार." मी दगड वगळले. पुण्याच्या नोकरीसाठी त्यांचं शिफारसपत्र हवं होतं.

पुढे परीट महापालिकेत दाद मागायला गेले. त्यांना नकाशा दाखवला गेला. त्यात दगडच नव्हते. हे आईनं पत्रात कळवलं. उत्तरात मी मेसच्या जेवणाबद्दल लिहिलं.

दोन वर्षांनी दिवाळीला गेलो. बाजाराचा रस्ता रुंद झालेला, तळ्याकाठी कारंजं, सिमेंटचे बाक. माझ्यासारखे नोकरीसाठी बाहेर पडलेले, सणाला आलेले सगळे खूश होते. वडील रोज संध्याकाळी तिथं बसून कुणालाही सांगायचे, "आमच्या पोरानं काढलाय नकाशा." मला तिथं बसवेना.

दुसऱ्या दिवशी मावशीला शोधत गेलो. गावाबाहेरच्या विहिरीवर ती पाणी शेंदत होती. मी सगळं सांगून टाकलं.

"आमी तितं हाय, ठावं हुतं व्हय तुला?"

"हो."

"मग काढायचं की रं, बाळा." घागर उचलून जवळच्या खोपटाकडे वळत म्हणाली, "बस. च्या टाकते."

चहा पिऊन निघालो. त्याच आठवड्यात मी महापालिकेच्या कचेरीत जाऊन, दगड होते आणि मी ते वगळले, असं सही करून दिलं. बाग हलली नाही. वर्षभरानं विहिरीजवळ परटांना धुण्यासाठी एक हौद तेवढा बांधून मिळाला.

वडिलांनाही सांगितलं. त्यानंतर ते बागेत कधी गेले नाहीत. गाव मी सोडलं, आणि त्यांचा तळ्याचा काठ सुटला.

कुणी विचारलं तर अजून सोलापूरचाच म्हणून सांगतो. पण आता घर म्हणजे आमच्या दारातला ओटा, आणि संध्याकाळी तिथं बसलेल्या वडिलांशेजारी बसून राहणं.