दोनशे पावलांचा मंगळ

काही बिघडलं की भाऊ दोन्ही हात पाठीमागे बांधत. स्टोव्हवर दूध उतू चाललेलं असो, नाहीतर सायकलची साखळी निसटलेली असो, यांचे हात पाठीशी आणि नजर त्या वस्तूवर. "थांबा, हात लावू नका. तिथं कोण आहे हात लावायला?" तोवर दूध सगळं स्टोव्हवर. वहिनी आतून म्हणत, "तिथं कुणी नसंल, पण हितं मी आहे ना पुसायला."

'तिथं' म्हणजे मंगळावर. तुम्हाला हसू येईल, मलाही यायचं. देहूरोडच्या डेपोत ते फिटर, मी स्टोअरमध्ये कारकून, आणि राहायला आम्ही क्वार्टर्सच्या एकाच लाईनीत. माणसं नुकतीच चंद्रावर जाऊन आली होती. आमच्या लाईनीत त्याचं कौतुक चार दिवस टिकलं आणि मग पुन्हा नळाच्या पाण्यावरून भांडणं सुरू झाली. भाऊंनी मात्र ठरवून टाकलं. "चंद्र झाला. मंगळावर एवढ्यात माणूस जायचा नाही, गाडी जाईल. आणि ती तिथं अडकली, तर आपली आपण निघाली पाहिजे." तशी गाडी हे जुन्या बाजारातल्या सामानातून बनवणार होते. डेपोत सगळे त्यांना मंगळवाले म्हणू लागले.

गाडीला तेलाच्या डब्यांची सहा चाकं होती, मोटर कुठल्याशा ट्रकच्या वायपरची, बॅटरी मोटारसायकलची, आणि वर बसवलेलं गजराचं घड्याळ. हे घड्याळ दर अर्ध्या तासाने दहा मिनिटं मोटर चालू करी. त्याला ते 'पाळी' म्हणत, डेपोतल्या कामासारखं. प्रत्येक पाळीला गाडी आधी हातभर मागे येई, जराशी वळे आणि पुन्हा पुढे निघे. एका पाळीत दगड ओलांडता आला नाही, तर पुढच्या पाळीत बाजूने वाट काढायची, अशी ती युक्ती.

युक्ती झकास होती, पण तीन वर्षं ती गाडी धड चालली असेल तर शपथ. ऊन लागलं की तारांच्या जोडाचा डाख सुटे. धूळ आत गेली की घड्याळ बंद. धुळीसाठी वहिनींच्या जुन्या लुगड्याची खोळ शिवली, तर आत मोटर भाजून निघाली. एक नीट केलं की दुसऱ्याने मान टाकायची. ते कधी चिडत नसत. त्यांच्या वाटचं मी चिडायचो. "अहो भाऊ, मंगळ राहू द्या, आधी तुमच्या ओट्यावरून उतरवून दाखवा तिला," असंही एकदा बोलून गेलो. ते म्हणाले, "ओटा अवघड आहे. मंगळावर ओटा नाही."

मग पुण्यातल्या एका विज्ञान मंडळाला त्यांनी पत्र टाकलं, आणि चक्क उत्तर आलं. गाडी माणसाचा हात न लागता खडकाळ जमिनीवर एका दिवसात दोनशे पावलं गेली, असं साक्षीदाराच्या सहीनिशी कळवा, प्रदर्शनात मांडू. ते पत्र त्यांनी इतक्यांदा उघडलं की घड्यांवर फाटलं. मे संपला की ते निवृत्त होणार, क्वार्टर सोडून घाटाखाली मेव्हण्याच्या गावी जाणार. शिवाय जूनपासून आमच्या मावळात खडक कसला, नुसता चिखल. म्हणजे हातात मेचे चार रविवार. साक्षीदार अर्थातच मी.

जागा त्यांनी लोहगडवाडीजवळच्या पठारावर हेरली होती. मळवलीला उतरायचं, गाडी बांबूला टांगायची आणि दोघांनी खांद्यावरून चढवायची. वर पोचेपर्यंत मी मंगळाला आणि त्यांना यथेच्छ शिव्या घालून घेई. पलीकडच्या टोकाला चुना लावलेला एक धोंडा, तिथवर दोनशे पावलं. सकाळी नऊला गाडी सोडायची, संध्याकाळी साडेसहापर्यंत वेळ. ते स्वतः गाडीकडे पाठ करून बसत. "बघितलं की माझे हात शिवशिवतात. तुम्ही बघा."

पहिल्या रविवारी गाडी एका खळग्यात गेली. डोक्यावर सरपणाचा भारा घेतलेल्या एक मावशी वाटेने येत होत्या. त्यांनी भारा उतरवला, गाडी उचलून वर ठेवली आणि भारा पुन्हा डोक्यावर घेतला. मी ओरडत धावलो. त्या शांतपणे म्हणाल्या, "अडकल्याली गाडी बघून म्होरं जात्यात व्हय? आमच्यात न्हाई तसं."

दुसऱ्या रविवारी मी भाकरीचा तुकडा मोडेपर्यंत दोघा गड्यांनी गाडी करवंदीच्या जाळीखाली सावलीला नेऊन ठेवली. "लय तापलीवती हो." ठेवताना गाडीचं तोंड फिरलं, आणि पुढच्या पाळीला जी निघाली ती परत आमच्याकडेच. मी कपाळावर हात मारला.

तिसऱ्या खेपेला ते आदल्या दिवशीच वाडीत गेले आणि देवळापुढे सगळ्यांना बसवून समजावलं. "उद्या हे पठार म्हणजे मंगळ. तिथं माणूस नसतो." एका आबांनी विचारलं, "मंग आमी कोन?" भाऊंनी खरोखर विचार केला आणि म्हणाले, "तुम्ही नाही." आबा मान हलवून म्हणाले, "बरं. उद्या आमी न्हाई." आणि त्यांनी शब्द पाळला. त्या दिवशी घड्याळाची स्प्रिंग तुटली.

उरला शेवटचा रविवार. वाडीतली माणसं डोक्यावर ओझी घेऊन अर्धा कोस वळसा घालून जात होती, पठारावर एकजण फिरकला नाही. गाडी चालत राहिली. दुपारी कातळ इतका तापला की मला चप्पल काढवेना, पण डाख सुटला नाही. पाचला तिने पावणेदोनशे ओलांडली.

साडेपाचच्या पाळीत ती अडकली. धोंडा बारा पावलांवर, आणि पुढचं चाक एका भेगेत नुसतं गरगरतंय. सहाची पाळी अजून बाकी होती, मला ठाऊक होतं. पण ते चाक बघवेना. भाऊ पाठ करून बसलेले, मान खाली. तीन वर्षं, चार रविवार, तो बांबू, सगळं माझ्या छातीत आलं. मी उठलो, चप्पल वाजू नये म्हणून काढली, आणि चवड्यांवर जाऊन पायाने गाडी जराशी रेटली. ती सुटली. मी जागेवर येऊन बसलो, आणि थोड्या वेळाने डबा धोंड्यावर खणकन आपटला.

ते उठले. असा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. पण जातिवंत फिटर. गाडीकडे न जाता आधी चाकोरी बघत मागे निघाले. "अडकली होती ना? आवाज बदलला होता. कशी निघाली ते बघू दे." भेगेपाशी ते गुडघ्यांवर बसले. धुळीत माझ्या पायाची पाचही बोटं उठली होती.

 ते घड्याळात बघून म्हणाले, "अजून एक पाळी होती."

"मला राहवलं नाही, भाऊ. दोनशे लिहा, मी सही करतो. कोण विचारणार आहे?"

"मी विचारीन," ते म्हणाले.

कागदावर त्यांनी लिहिलं, 'एकशे अठ्ठ्याऐंशी पावलांवर अडकली.' खाली मी सही केली. माझे डोळे भरून आले होते, आणि रागही आला होता, त्यांचा नव्हे. मंडळाचं कार्ड आठवड्यात आलं: अट पूर्ण होत नाही. पहिल्या तारखेला त्यांनी क्वार्टर सोडलं. मला ते एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

चौथ्या वर्षी वहिनींचं कार्ड आलं. ते गेले. शेवटपर्यंत गाडीचं सांगायचे, वहिनींनी लिहिलं होतं. पुढच्या चाकाचा घेर कमी पडला, चूक माझीच, असं म्हणायचे.

घेर कमी पडला की नाही, ते सहाच्या पाळीला कळलं असतं.