आठ दिस उरलेत, वयनी

रेवसला तुमी दोगं आमाला लाँचवर बसवायला आलात. दादा, तू बोललास, "पोरीला ठेव हितं. तुला तुझंच भान न्हाय." मी काय बोललो? "वयनीचं कालवन खाऊन पोर वाळंल!" लाँचवरची मानसं हसली. वयनी, तुमी न्हाय हसलात. भाकऱ्यांचं बोचकं चिमीच्या मांडीवर ठेवलंत आन् पाठ फिरवलीत. मी आपला खूश, लोकं हसली म्हनून.

मला लिहिता येत न्हाय. शेजारच्या ताई लिहून देतात. मदीच रडलो तर तेवढं गाळा, बोललोय त्यांना.

भाऊच्या धक्क्यावर मासळीच्या पाट्या उचलतो. चिमी चार वर्षांची, तिची आय देवाघरी, ठेवू कुठं तिला? आपली आय मासळी सुकवताना आपल्याला खांबाला बांधायची, पान्यात जाऊ नये म्हनून. आठवतंय ना, दादा? तू गाठ सोडून पळायचास, मला ती आजून सोडता येत न्हाय. तशीच मी चिमीला बांधली, कमरेला मऊ ओढनी. गावात आयला कोन काय बोललं न्हाय. हितं कुनीतरी फोटो काढला, पोलीस आले, पोर आश्रमात गेली.

मला मुलांच्या कमिटीपुढं उभा केला. म्याडम बोलल्या, "हिला सांभाळू शकता का?"

"म्याडम, मला लुंगी सांभाळता येत न्हाय."

कोन हसलं न्हाय. बाई चांगल्या, तीनदा इचारलं. "पोरीचं भलं कशात आहे, नीट सांगा." तिसऱ्यांदा बोललो, "माझ्यापासून लांब." ती मस्करी नव्हती. कागद वाचून दावला. पोर सोडली म्हनून आंगठा दिला.

दोन महिन्यात मन बदललं तर या, म्हनाल्या. न्हायतर तिला दुसरे आयबाप मिळतील, आन् कुठले ते मला कदीच कळनार न्हाय.

एकटा गेलो तर काय दावू? आमी सात जन एका खोलीत, पाळीनं झोपतो. वयनी, तुमी या. सख्खे काका-काकी पोर मागू शकतात, ताईंनी इचारून घेतलंय. माझ्यासाठी नका येऊ, मी त्या लायकीचा न्हाय. मी दारात पन येनार न्हाय.

कुनी घर इचारलं की आजवर रेवदंडा सांगायचो. आता चिमी जिथं भूक लागली म्हनून रडंल, ते माझं घर. मला आत घेऊ नका. फकस्त ते कुठं हाय, एवढं मला ठाऊक असू द्या.