पहिल्या घरापासून

"पहिल्या घरापासून," एवढंच म्हणून अक्का पिशवी डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर घ्यायच्या. ज्या घरी काम असायचं ते अगदी समोर दिसत असलं, तरी त्या आधी गल्लीच्या कोपऱ्यावर जाणार आणि पहिल्या दाराची कडी वाजवणार. त्यांच्याबरोबर फिरायचं म्हणजे चपला झिजवायची तयारी हवी.

चिकपेटच्या मागे एक लहानसा दवाखाना होता. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं तेव्हा मी तिथं कारकून म्हणून लागलो. अक्का तिथल्या आरोग्यसेविका. आमच्यासारख्याच फार पूर्वी बंगळूरला येऊन रुजलेल्या मराठी घरातल्या. वयानं माझ्या आईएवढ्या, तरी सगळ्या जगाच्या त्या अक्का होत्या. मला त्या तम्मा म्हणत, म्हणजे धाकटा भाऊ. दवाखान्यात माणसं कमी, म्हणून मला अधूनमधून त्यांच्याबरोबर वस्तीत धाडत.

दारात उभं राहून त्या चार प्रश्न विचारायच्या. घरात कुणाला खोकला आहे? ताप येऊन गेला? अंगावर बधिर चट्टा? पिण्याचं पाणी झाकून ठेवता? हा क्रम कधी बदलला नाही. रेशमाच्या एका मोठ्या व्यापाऱ्याची बायको चट्ट्याच्या प्रश्नावर भडकली. "असले रोग आमच्या घरात नसतात," म्हणाली. अक्का शांतपणे म्हणाल्या, "माझ्याही घरात नाहीत मा. पण विचारायचं असतं." आणि पाण्याच्या प्रश्नाकडे वळल्या. कुणी कॉफी पुढे केली की म्हणायच्या, "स्वल्प. अर्धीच." अशा अर्ध्या-अर्ध्या करत दिवसाकाठी किती कॉफी पोटात जायची देव जाणे.

निघताना प्रत्येक दारी त्या एक पुडी देत. जुन्या रजिस्टरच्या कागदाची, दोऱ्यानं बांधलेली. सकाळी तासभर त्या पुड्याच बांधत बसलेल्या असत. बहुतेक पुड्यांत पाणी शुद्ध करायच्या गोळ्या. एखादीत क्षयाच्या, एखादीत कुष्ठाच्या. बाहेरून सगळ्या सारख्या. कोणती कुणाची ते त्यांना न बघता कळे.

"अक्का, हे पुड्यांचं दुकान कशाला? ज्याला रोग त्याला औषध द्या आणि मोकळ्या व्हा," असं मी एकदा म्हणालो.

"मी एकाच दारात गेले तर गल्ली त्याला जगू देईल का, तम्मा?"

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांच्या कामात अर्धं काम दुसऱ्याची अब्रू झाकायचं असतं, आणि ते कुठल्याच रकान्यात बसत नाही.

पुढे काही वर्षांनी आमच्याकडे 'एकात्मिक' योजना आली. क्षय, कुष्ठ, हिवताप आणि नव्यानं ऐकू येऊ लागलेला एड्स, सगळ्यांची सेवा म्हणे आता एका छपराखाली मिळणार. अक्का हे सगळं वीस वर्षं एका पिशवीत वाहत होत्या, पण पिशवीचं उद्घाटन करता येत नाही. भिंतीवर घोषवाक्य रंगवलं गेलं, 'थेट रुग्णाच्या दारी'. नव्या साहेबांनी माझ्याकडून भेटींचा तक्ता मागवला. मी तो फार सुबक अक्षरात काढून दिला. साहेबांनी अक्कांना उभं करून विचारलं, "या गल्लीत रुग्ण एक आणि भेटी एकोणीस? बाकी अठरा घरी काय कॉफी प्यायला जाता?"

"सरी, सार," म्हणजे बरं साहेब, एवढंच अक्का म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा गल्लीच्या कोपऱ्यावर उभ्या होत्या. तक्ता माझा होता, हे त्यांना ठाऊक होतं. त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

तपासणीचे कागद माझ्या टेबलावरून जात. एके दिवशी त्यात अक्कांचंच नाव निघालं. क्षय. जन्मभर दुसऱ्यांच्या खोकल्यासमोर उभ्या राहिल्या, त्याचं हे बक्षीस. डॉक्टर आणि मी सोडून कुणाला कळू द्यायचं नाही, असं ठरलं. अक्कांनी रजा घेतली.

त्या चामराजपेटेत एका वठारात राहायच्या. एक मोठं अंगण, एक नळ, भोवती चौदा बिऱ्हाडं आणि सगळ्यांची एकच घरमालकीण. अक्कांची नववी खोली. पुढेमागे कुणी नाही, ती खोली हाच त्यांचा संसार. मालकिणीला त्यांनी 'ऑफिसात आहे' एवढंच सांगितलं होतं. असल्या रोग्यांत वावरणाऱ्या बाईला कोण खोली देतं?

"दर शनिवारी माझी पुडी तू आण," त्या म्हणाल्या. "आणि तम्मा, पहिल्या घरापासून."

मग मी चौदा पुड्या घेऊन जाऊ लागलो. आठ बिऱ्हाडं झाली की नवव्या दारात अक्का अनोळखी चेहऱ्यानं उभ्या. मी विचारायचं, "घरात कुणाला खोकला?" त्या म्हणायच्या, "नाही." "ताप?" "नाही." पहिल्या शनिवारी मी त्यांच्यापुढे गडबडलो, तर पुडी घेता घेता हळूच म्हणाल्या, "चट्टा विसरलास." पुढची पाच घरं मला हसू आवरत नव्हतं. असे अकरा शनिवार गेले. खोकला कमी झाला होता. अक्कांच्या गालावर थोडं मांसही आलं होतं.

बाराव्या शनिवारी त्या योजनेचं उद्घाटन होतं. पाहुणे यायचे होते. प्रोजेक्टर, खुर्च्या, हार, सगळं माझ्या गळ्यात. मी एकच पुडी खिशात टाकली, रिक्षा वठाराच्या तोंडाशी थांबवली आणि तडक नवव्या दारात गेलो.

अक्कांनी दार उघडलं. पुडीला हात लावला नाही. माझ्या खांद्यावरून मागे बघितलं. नळावर चार-पाच बायका घागरी धरून उभ्या होत्या, आणि मालकीण.

"आज वेळ नाही अक्का, कार्यक्रम आहे," मी म्हणालो.

तेव्हा अक्का मोठ्यानं, अंगणभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "खोकला नाही. ताप नाही. चट्टा नाही. पाणी झाकून ठेवते." मी काहीच विचारलं नव्हतं. मग पुडी घेत पुटपुटल्या, "निदान पुढची घरं तरी कर."

मी घड्याळ बघितलं आणि निघालो.

कार्यक्रम छान झाला. थेट रुग्णाच्या दारी जाण्यावर पाहुणे बराच वेळ बोलले. मी टाळ्या वाजवल्या.

अक्का मला पुन्हा दिसल्या नाहीत. शहराबाहेर येलहंकाला कुणा लांबच्या चुलतभावाकडे गेल्या असं कळलं. तिथल्या दवाखान्यात मी दोनदा जाऊन विचारलं. त्या नावाची बाई औषधाला आली नव्हती. औषध अर्धवट सोडलं की काय होतं, ते त्यांनीच मला शिकवलं होतं. इतकी वर्षं झाली, मी स्वतःला माफ केलेलं नाही आणि करायचंही नाही.

तेरावा शनिवार मात्र सांगायला हवा. मी चौदा पुड्या घेऊन गेलो होतो. पहिल्या घरापासून सुरुवात केली. चारही प्रश्न विचारले. नववी खोली उघडीच होती, आत सामान नव्हतं, आणि मालकीण भिंतींना चुना लावून घेत होती.

"तुम्ही तरी आधी सांगायचं, सार," ती म्हणाली. "त्या दिवशी तुम्ही सरळ तिच्याकडेच गेलात, तेव्हा आम्हाला कळलं."

पुढची पाच घरं राहिली होती. लपवायला आता कुणी उरलं नव्हतं, तरी मी ती केली. चौदाव्या दारात एक तरुण बाई आली. मी विचारलं, "घरात कुणाला खोकला?" आत कुणीतरी खोकत होतं. बराच वेळ, छातीतून येणारा, दम लागलेला खोकला.

तिनं एकदा नवव्या खोलीकडे पाहिलं.

"नाही," ती म्हणाली. "आमच्यात कुणाला नाही."

मी वहीत 'नाही' लिहिलं.